बारावीपासून पहिल्या पगारापर्यंत: कोल्हापूरच्या मुलामुलींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेत मी मुलांना अर्ज भरायला मदत करते. गारगोटी, चंदगड, शाहूवाडीकडची मुलं येतात, कधी त्यांचे वडील, कधी एकटी आई. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून इथे एकत्र केले आहेत, शक्यतो त्यांच्याच शब्दांत. रकमा, तारखा आणि फेऱ्यांचे नियम दर वर्षी बदलू शकतात. अर्ज भरायच्या दिवशी पोर्टलवरची ताजी सूचना वाचाच.

१. बारावी झाली. आधी कॉलेज बघू का कोर्स?

आधी काम बघा. म्हणजे त्या कोर्सनंतर माणूस दिवसभर नेमकं काय करतो ते. मेकॅनिकलला जायचं असेल तर शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ओळखीच्या कुणाबरोबर एक दिवस काढा. फौंड्रीतली उष्णता, मशीन शॉपचा आवाज, क्वालिटीवाल्याच्या हातातला मायक्रोमीटर स्वतः बघा. बी.कॉम.ला जायचं तर एखाद्या करसल्लागाराच्या ऑफिसात महिनाअखेरीला बसा. आपल्याकडे शेतापासून कारखान्यापर्यंत सगळं तासाभराच्या अंतरावर आहे, आणि गावातला कुणी ना कुणी तिथे कामाला असतोच. तरीही निम्म्याहून जास्त मुलं ब्रँचचं नुसतं नाव ऐकून फॉर्म भरतात, याचं मला फार वाईट वाटतं.

काम पटलं की कोर्स आणि मग कॉलेज. कॉलेज निवडताना तिथल्या शेवटच्या वर्षाच्या दोन मुलांना विचारा: लॅब उघडी असते का, सर तासाला येतात का, गेल्या वर्षीची मुलं आता कुठे आहेत? माहितीपत्रकात हे सापडत नाही.

२. दहावीनंतर डिप्लोमा करावा का बारावी सायन्स?

इंजिनिअरच व्हायचं असेल तर वर्षं सारखीच लागतात. बारावीची दोन आणि डिग्रीची चार मिळून सहा. डिप्लोमाची तीन आणि थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन डिग्रीची तीन, तरी सहाच. फरक जोखमीचा आहे. डिप्लोमाला प्रवेश दहावीच्या गुणांवर मिळतो, पुढे डिग्रीला जाताना सीईटी द्यावी लागत नाही, आणि घरची परिस्थिती मध्येच बिघडली तर अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी हातात नोकरीलायक कागद असतो. बारावीच्या वाटेवर मेडिकल, फार्मसी, कृषी, शुद्ध विज्ञान असे फाटे उघडे राहतात. ज्याचं ठरलं आहे त्याने डिप्लोमा करावा, ज्याचं ठरलेलं नाही त्याने बारावी करावी, असं मी सांगते.

३. पोरगं आयटीआयला गेलं. आता त्याचं शिक्षण संपलं असंच ना?

नाही. दोन वर्षांचा ट्रेड पास झालेल्या मुलाला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश घेता येतो आणि डिप्लोमावरून डिग्रीच्या दुसऱ्या वर्षात. मध्ये अप्रेंटिसशिप केली तर हातात अनुभवही येतो (प्रश्न ९). आपल्या भागात चांगला फिटर, टर्नर, मशिनिस्ट किंवा वेल्डर घरी बसून राहत नाही. आयटीआयला गेलेल्या मुलाबद्दल घरात खालच्या आवाजात बोलू नका, त्याला ते ऐकू जातं.

४. बी.ए. किंवा बी.कॉम. करून नोकरी लागते का ओ?

नुसत्या पदवीवर अवघड आहे. पण त्या तीन वर्षांत कॉलेज अर्धा दिवस असतं, तेव्हा उरलेल्या अर्ध्या दिवसाचं तुम्ही काय करता यावर बरंच ठरतं.

कॉमर्सच्या मुलाने पहिल्या वर्षापासून एखाद्या सीए किंवा करसल्लागाराकडे बसावं. जीएसटीचं रिटर्न, टॅली, बँकेचा ताळमेळ हे तिथेच शिकायला मिळतं. बी.कॉम.ला ५५ टक्के मिळाले तर सीएच्या इंटरमीजिएटला थेट नोंदणी करता येते, इतर शाखांच्या पदवीधरांना ६० टक्के लागतात. आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालचं प्रशिक्षण) नव्या रचनेत दोन वर्षांची झाली आहे. आर्ट्सच्या मुलांनी एक भाषा पक्की करावी: भाषांतर, मुद्रितशोधन, पर्यटन, ग्रंथालय, पत्रकारिता या सगळ्याला नीट लिहिणारा माणूस लागतो आणि तो सहज सापडत नाही.

५. नव्या धोरणात डिग्री तीन वर्षांची का चार?

दोन्ही. तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. मध्येच थांबावं लागलं तर नियमातल्या अटी पूर्ण करून एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेता येते. तुमचे क्रेडिट (पूर्ण केलेल्या अभ्यासाचं श्रेय) अकॅडमिक बँकेत, म्हणजे ऑनलाइन खात्यात, जमा राहतात. तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.ए. किंवा एम.एस्सी. दोन वर्षांचं, चार वर्षांच्या पदवीनंतर एकच वर्षाचं.

चौथं वर्ष कुणी करावं? संशोधनात जायचं असेल त्याने. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर पीएच.डी.ला अर्ज करता येतो. एमपीएससी किंवा बँकेची परीक्षा द्यायची असेल तर तीन वर्षांची पदवी पुरते.

६. प्रवेशाच्या आधी कोणकोणते दाखले काढून ठेवायचे?

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण गुण असूनही जागा गेली असं जेव्हा होतं तेव्हा बहुतेक वेळा कागद अडलेला असतो.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला, ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त-भटके) आणि एसईबीसी (मराठा समाजाचा राज्यातला आरक्षण प्रवर्ग) यांच्यासाठी नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे कुटुंब प्रगत गटात मोडत नाही हा दाखला, किंवा ईडब्ल्यूएस, म्हणजे आरक्षण नसलेल्या आर्थिक दुर्बल घटकांचा दाखला. हे सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’वरून निघतात. आधारला जोडलेलं बँक खातंही हवंच, नाहीतर शिष्यवृत्ती मंजूर होते आणि पैसे जमा होत नाहीत.

खरी अडचण जात वैधता प्रमाणपत्राची, म्हणजे जातीचा दाखला तपासून खरा ठरवणाऱ्या कागदाची. व्यावसायिक कोर्सच्या राखीव जागेसाठी ते लागतं आणि त्याला वेळ लागतो. जुने पुरावे अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे मागतात. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, जनरल रजिस्टरचा उतारा, गाव नमुने. जुन्या नोंदी बऱ्याचदा मोडी लिपीत असतात, त्यांचं लिप्यंतर करून घ्यावं लागतं. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानकाळातले कागद आहेत. अकरावीतच कॉलेजमार्फत अर्ज करा. सख्ख्या काकांची किंवा चुलत भावाची वैधता झालेली असेल तर ती जोडा, काम बरंच सोपं होतं. नुसत्या पावतीवर प्रवेश देऊन नंतर मुदत देण्याचा निर्णय काही वर्षी होतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

७. आमची शेती आहे आणि वडील नोकरीला आहेत. नॉन-क्रिमिलेअर मिळणारच नाही ना?

मिळू शकतं. आठ लाखांची मर्यादा मोजताना पगाराचं आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, मात्र आईवडिलांचं पद कोणत्या वर्गातलं आहे ते वेगळं तपासतात. फीच्या सवलतीसाठी आणि ईडब्ल्यूएससाठी मात्र सगळं उत्पन्न धरतात, पगारही आणि शेतीही. दोन्हीकडे आकडा आठ लाखांचाच असल्यामुळे घोटाळा होतो आणि लोक अर्जच करत नाहीत.

मराठा समाजाच्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट. २०२४ च्या कायद्याने मिळालेलं एसईबीसी आरक्षण राज्यापुरतं आहे. केंद्राच्या यादीत ते नाही, म्हणून आयआयटी किंवा यूपीएससीसाठी, निकषात बसत असाल तर, केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस दाखला काढता येतो. त्यात मात्र कुटुंबाची शेतजमीन पाच एकर किंवा जास्त असेल तर दाखला मिळत नाही.

८. मुलींना फी माफ आहे म्हणतात. कॉलेज तर पैसे मागतंय!

जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्ससाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला सवलत नाही. खाजगी आणि अभिमत विद्यापीठांनाही नाही, आणि इथेच फसगत होते. फॉर्म भरण्याआधी संस्था विद्यापीठाला संलग्न आहे का स्वतःच विद्यापीठ आहे, हे विचारून घ्या. वसतिगृह, खानावळ, पुस्तकं यांचे पैसे माफीत येत नाहीत.

मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. अर्ज महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर दर वर्षी नव्याने भरायचा असतो. दुसऱ्या वर्षी तो विसरणारी मुलं मला दर दिवाळीला भेटतात.

राहण्याचं म्हणाल तर शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी केली, आणि दसरा चौकाच्या आसपास ती परंपरा अजून दिसते. समाजाचं बोर्डिंग, समाजकल्याणचं वसतिगृह, कॉलेजचं होस्टेल असे तिन्हीकडे एकाच वेळी अर्ज करा. शासकीय वसतिगृह मिळालं नाही तर अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार योजना आहे. शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे.

९. शिकता शिकता कमवायचंय. अप्रेंटिस होणं बरं का साधी नोकरी?

अप्रेंटिस. हेल्परची नोकरी पगार जास्त देईल, पण दोन वर्षांनी तुम्ही हेल्परच असाल. अप्रेंटिसशिप १९६१ च्या कायद्याखाली चालते. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. म्हणजे कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित वसाहतीतल्या मोठ्या कंपनीकडे अप्रेंटिसशिप मागायला गेलात तर त्यात संकोच कसला? कंपनीला ती जागा भरायचीच असते.

मात्र करार अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नोंदवला आहे का ते बघा. नोंद नसेल तर शेवटी प्रमाणपत्र नाही. स्टायपेंडला पीएफ लागत नाही आणि शेवटी कायम करण्याची हमी नसते.

२०२४ साली सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना वेगळी. तिच्यात बारावीला ६,०००, आयटीआय किंवा डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं. ते प्रशिक्षण आहे, त्यावरून कायम नोकरीचा हक्क लागत नाही. अनेक मुलं त्या आशेवर बसून दुसरे अर्ज करायचे थांबली, तसं करू नका.

१०. कंपनी म्हणाली महिना वीस हजार. हातात साडेपंधरा आले. फसवलं का?

बहुधा नाही, पण मुलाखतीत विचारायला हवं होतं. हिशोब असा मांडतात. वीस हजार हा कंपनीचा एकूण खर्च. मूळ पगार पंधरा हजार धरला तर कंपनीचा पीएफचा वाटा १,८०० आणि ईएसआयचा (कर्मचारी विम्याचा) सव्वातीन टक्के त्यातच मोजलेला असतो. उरतात साधारण १७,६००. त्यातून तुमचा पीएफ १,८००, ईएसआय पाऊण टक्का, म्हणजे १३२ च्या आसपास, आणि व्यवसाय कर २०० जातो. हातात सुमारे साडेपंधरा. मुलींना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, त्यांच्या स्लिपमधून तो कापला असेल तर ऑफिसात दाखवून द्या.

पीएफ कापलेला बघून वाईट वाटून घेऊ नका, ते पैसे तुमचेच आहेत आणि ईएसआयमधून घरच्यांचाही औषधोपचार होतो. मात्र कापलेले पैसे खात्यावर भरले जातात का, हे यूएएन (पीएफ सदस्याचा क्रमांक) घेऊन दर तीन महिन्यांनी स्वतः तपासा. ठेकेदारामार्फत लागला असाल तर दर महिन्याला. नेमणूकपत्र आणि पगाराची स्लिप दोन्ही लेखी मागा.

मी स्वतः पहिल्या नोकरीत बाँड न वाचता सही केली होती आणि मूळ मार्कलिस्ट जमा केली होती. ती परत मिळवायला सात महिने गेले आणि तोवर एक चांगली संधी निघून गेली. झेरॉक्स द्या, मूळ कागद दाखवून परत घ्या.

११. स्पर्धा परीक्षेला किती वर्षं द्यावीत?

हा प्रश्न मुलं माझ्याकडे बघून विचारत नाहीत, खाली बघून विचारतात.

वयाची मर्यादा उदार आहे. राज्यसेवेला खुल्या वर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. यूपीएससीला खुल्या वर्गाला ३२ वर्षं आणि सहा प्रयत्न, ओबीसींना ३५ आणि नऊ. पण मर्यादा आहे म्हणून तेवढी वर्षं द्यायचीच असं नसतं. अभ्यासिकेत सकाळी सातला येऊन रात्री दहाला जाणारी, गावाकडे सणालाही न जाणारी मुलं मी बघते. त्यांच्या कष्टाबद्दल मला शंका नाही. जागा थोड्या आणि मुलं पुष्कळ, एवढाच त्यातला अन्याय आहे.

माझं मत विचाराल तर पदवीनंतर पूर्णवेळ दोन वर्षं. त्यात पूर्वपरीक्षा एकदाही निघाली नाही तर नोकरी धरायची आणि अभ्यास चालू ठेवायचा. मुख्य परीक्षेपर्यंत जात असाल तर आणखी एक वर्ष द्यायला हरकत नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, तेव्हा नोट्स पाठ करणाऱ्यापेक्षा रोज दोन पानं लिहिणाऱ्याचं चालेल. क्लासची फी भरण्याआधी सारथी (मराठा), महाज्योती (ओबीसी, विमुक्त-भटके), बार्टी (अनुसूचित जाती) या शासकीय संस्थांचं मोफत प्रशिक्षण आणि विद्यावेतन बघा. सारथीचं उपकेंद्र कोल्हापुरातच आहे.

ही वर्षं कोरी दिसू नयेत म्हणून सोबत काहीतरी करा: दूरशिक्षणातून एम.ए. (प्रश्न १३), संध्याकाळची शिकवणी, घरच्या दुकानाचा हिशोब. नंतर मुलाखतीत गॅपबद्दल विचारतात तेव्हा सरळ सांगा, ‘दोन वर्षं परीक्षा दिल्या, एवढ्या टप्प्यापर्यंत गेलो.’ खरं सांगणारा उमेदवार लोकांना आवडतो.

१२. अग्निवीर म्हणून निवड झाली तर डिग्रीचं काय?

सैनिक टाकळीसारखी गावं आपल्याच जिल्ह्यात आहेत, त्यामुळे हा प्रश्न नेहमी येतो. सेवा चार वर्षांची, त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंत मुलांना कायम घेतात. बाकीच्यांनी पुढची तयारी सेवेत असतानाच करायला हवी. इग्नू या केंद्रीय मुक्त विद्यापीठाची अग्निवीरांसाठी खास पदवी आहे, तिच्यात निम्मे क्रेडिट सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरतात. भरती झाल्या झाल्या नोंदणी करा.

१३. एकाच वेळी दोन डिग्र्या करता येतात का?

हो, यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ मध्ये परवानगी दिली. दोन्ही नियमित असतील तर तासांच्या वेळा आपसात भिडता कामा नयेत. एक नियमित आणि एक दूरस्थ, किंवा दोन्ही दूरस्थ असंही चालतं. पीएच.डी.ला हे लागू नाही. शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण आहे, नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे. यूजीसीची मान्यता असलेली दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची असते, फक्त त्या वर्षी त्या कोर्सला मान्यता आहे का ते यूजीसीच्या यादीत बघून घ्या.

१४. एका कॉलेजात प्रवेश घेतला, आता दुसरीकडे नंबर लागला. पैसे आणि दाखला परत देतात का?

मूळ कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, यूजीसीने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. त्याच नियमात परताव्याचं प्रमाणही आहे. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याआधी रद्द केलं तर पूर्ण फी, त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, तारीख उलटून पंधरा दिवसांत ८०, तीस दिवसांत ५०, पुढे काही नाही. पूर्ण परताव्यातून प्रक्रिया शुल्क म्हणून जास्तीत जास्त पाच हजार कापता येतात. अर्ज लेखी द्या आणि आवक क्रमांक घ्या. इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या कॅपच्या प्रवेशांना सीईटी सेलचे (राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाचे) वेगळे नियम आहेत.

कॅपमध्ये आणखी एक जपा. पहिल्या फेरीत पहिलाच पसंतीक्रम मिळाला तर तो पक्का धरतात. म्हणून ‘बघू लागतोय का’ म्हणून कुठलंही कॉलेज पहिलं टाकू नका.

१५. प्राध्यापक व्हायचंय. पीएच.डी. लागतेच का?

सहायक प्राध्यापकासाठी नेट (देशपातळीवरची) किंवा सेट (राज्याची) परीक्षा ही किमान पात्रता, पीएच.डी. ऐच्छिक, असा २०२३ चा नियम आहे. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट परीक्षा पुणे विद्यापीठ घेतं. कायम जागा निघेपर्यंत तासिका तत्त्वावर शिकवावं लागतं आणि त्यात घर चालत नाही, हे आधीच माहीत असू द्या. शाळेसाठी बी.एड., टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), मग अभियोग्यता परीक्षा आणि शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल असा रस्ता आहे.

१६. बँक म्हणते तारण आणा. शैक्षणिक कर्ज मिळायचं कसं?

केंद्राच्या हमी निधीमुळे साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, आईवडील सहकर्जदार असले की पुरतं. शाखेत तोंडी नकार मिळाला तर विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करा, तिथे अर्जाची नोंद राहते. हप्ता कोर्स संपून एक वर्षाने सुरू होतो, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं. जमेल तसं व्याज आधीच भरत गेलात तर पुढचा हप्ता हलका होतो.

१७. नोकरी नको, धंदाच करायचाय. डिग्री अर्धवट सोडू का?

सोडू नका, एवढीच विनंती. हुपरीची चांदी, इचलकरंजीचे माग, चपला, गूळ, दूध यातलं काहीही घरात असेल तर त्यात पडा, पण शेवटचं वर्ष पूर्ण करून. पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेत उत्पादनाला पन्नास लाखांपर्यंतचा आणि सेवेला वीस लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. ग्रामीण भागात खुल्या वर्गातल्या पुरुषांना २५ टक्के, महिला आणि राखीव वर्गांना ३५ टक्के अनुदान आहे. अर्ज ऑनलाइन, चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात. मराठा तरुणांना अण्णासाहेब पाटील महामंडळाकडून पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जाचा व्याज परतावा मिळतो, पण हप्ता वेळेवर भरला तरच.

१८. एक जण म्हणतोय, इतके लाख द्या, पक्की ऑर्डर आणून देतो. देऊ का?

नाही. सरकारी नोकरी असो, संस्थेतली असो वा कंपनीतली. आगाऊ पैसे मागणारा माणूस ऑर्डर देण्याच्या जागेवर बसलेला नसतो. शेत गहाण टाकून पैसे देणारे वडील मी बघितले आहेत. दिले असतील तर लाजेपोटी गप्प बसू नका. बोलणं, मेसेज, बँकेची नोंद जपून ठेवा आणि पोलिसांत लेखी तक्रार द्या. ऑनलाइन फसवणूक असेल तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा, पहिल्या काही तासांत पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त असते.